रात्री घेतली, सकाळी गाडी काढायची: हिशोब कसा करायचा?

पहाटवारा · शुक्र, रात्री ८:४०

पिऊन गाडी चालवू नये हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर धागा नको. प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे. रात्री नऊला सुरुवात, साडेबाराला शेवटचा घोट, सकाळी साडेसहाला किल्ली हातात. मधे झोप झाली, आंघोळ झाली, डोकं जरा जड आहे पण पाय सरळ पडतायत. अशा माणसाच्या रक्तात किती उरलेली असते?

ऐकीव नियम दोन: ‘एका पेगला एक तास’ आणि ‘झोप झाली की उतरते’. यामागे काही गणित आहे की नुसतंच तोंडी चालत आलंय?

हवंय ते असं. (१) किती प्यायली आणि वजन किती, यावरून तास काढायची रीत. (२) ऑनलाइन मिळणारं फुंकायचं यंत्र घरात ठेवलं तर उपयोग होतो का? (३) थोडीशी उरलेली असताना धोका खरंच वाढतो, की तो मुद्दा कायद्यापुरता आहे?

उपदेश नकोत, आकडे द्या.

खुसपट · शुक्र, ८:५२

आकडा: १०० टक्के टॅक्सी. चला, धागा संपला.

तराजू · शुक्र, ९:३०

पहिल्या नियमात घोळ आहे तो ‘पेग’ या मापातच. आधी ग्रॅममध्ये या.

पेयाचे मिली × अल्कोहोलचे टक्के × ०.७८९ = शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. (०.७८९ ही इथेनॉलची घनता.) ४२.८ टक्क्यांची व्हिस्की ३० मिली घेतली तर १० ग्रॅम, ६० मिलीला २०. पाच टक्क्यांची ३३० मिली बिअर १३ ग्रॅम. आठ टक्के स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज (६० मिलीच्या) पेगांएवढी. ‘आज फक्त बिअर घेतली’ म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. १३ टक्के वाइन १५० मिली, १५ ग्रॅम.

आता रक्तातलं प्रमाण. स्वीडनच्या एरिक विडमार्कचं जुनं सूत्र आजही न्यायवैद्यक कामात वापरतात. ग्रॅमला (वजन × ०.६८) ने भागा, बायकांसाठी ०.६८ च्या जागी ०.५५ धरा, आणि उत्तराला १०० ने गुणा. येतं ते दर १०० मिली रक्तात किती मिलिग्रॅम याचं ढोबळ उत्तर. ७५ किलोचा पुरुष, चार लार्ज पेग: ८१ ÷ ५१ = १.५९, म्हणजे साधारण १५९.

तिसरी पायरी वजाबाकीची. शरीर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम काढतं. पिणं सुरू केल्यापासून तास मोजायचे. नऊ ते साडेसहा साडेनऊ तास, म्हणजे १४२ गेले, उरले १७.

इथवर वाचून खूश होऊ नका. १५ ही सरासरी आहे. कोणाचा वेग १०, कोणाचा २०. तुमचा १० असेल तर ९५ च गेले आणि ६४ उरले. त्याच माणसाला, त्याच सकाळी १७ की ६४, हे या सूत्रातून कळत नाही. म्हणून हिशोब करायचा तो कायम १० धरून.

आणि ‘पेगला तास’ चूक आहे. या ७५ किलोवाल्याला ३० मिलीचा एक स्मॉल सरासरी वेगाने उतरायला सव्वा तासाच्या वर लागतो. लार्जला अडीच तासांहून जास्त.

निशिगंध · शुक्र, ९:४१

०.५५ का? वजन तर आधीच भागाकारात आलंय.

तराजू · शुक्र, ९:५८

अल्कोहोल पाण्यात पसरतं, चरबीत जवळजवळ नाही. सारख्या वजनाच्या पुरुषाच्या अंगात पाणी जास्त, बाईच्या अंगात चरबीचा वाटा जास्त. तेवढंच अल्कोहोल कमी पाण्यात पसरलं की दाट होतं. दोन लार्ज पेग ७५ किलोच्या पुरुषाला ७९ पर्यंत नेतात, ५५ किलोच्या बाईला १३४ पर्यंत. सोबत बसून बरोबरीने ग्लास रिकामे करणाऱ्या जोडप्यात सकाळी गाडी कोणी चालवायची याचं उत्तर यात आहे. लठ्ठ पुरुषांनीही ०.६८ धरू नये, त्यांचा आकडा खाली येतो.

कडक_चहा · शुक्र, १०:०५

सवय असलेल्याला हे लागू नाही. रोजची घेणारी माणसं चार पेगांनंतरही गाडी रेषेत नेतात, आणि कधीतरी घेणारा दोनात डुलतो. सूत्र सगळ्यांना एका मापाने मोजतंय.

गुळवेल · शुक्र, १०:३३

कडक_चहा, अर्धं बरोबर आहे. नेहमीच्या पिणाऱ्याचं यकृत खरोखर जास्त वेगाने काम करतं, तासाला २५ पर्यंतही जातं. पण तो पितोही त्या हिशोबात, त्यामुळे सकाळी उरायची ती उरतेच.

राहिला ‘डुलत नाही’ हा मुद्दा. सवयीने सुधारतात त्या पाठ झालेल्या गोष्टी: सरळ चालणं, नीट बोलणं, ओळखीच्या रस्त्यावर लेन धरणं. सुधारत नाही ती अनपेक्षित गोष्टीला प्रतिक्रिया. एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं सगळ्यात आधी ढासळतं, २० मिलिग्रॅमलाच. आरसा बघता बघता समोरची गाडी थांबली, तर अडचण तिथे येते. ५० च्या आसपास हलती वस्तू नजरेने धरून ठेवणं अवघड होतं. ८० ला वेगावरचा ताबा आणि नुकतंच पाहिलेलं लक्षात ठेवणं जातं. मागच्या चौकातला फलक काय होता ते आठवत नाही.

आता सकाळच्या प्रश्नाकडे. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये नोंदवलेली गोष्ट अशी, की रक्तातलं प्रमाण सारखंच असलं तरी चढताना माणूस जास्त झिंगलेला दिसतो आणि उतरताना कमी. रात्री दहाला ५० असताना ‘चढलीय’ वाटतं, सकाळी सहाला तेच ५० असताना ‘मी ठीक आहे’ वाटतं. वाटणं सुधारतं, पण गाडी चालवण्यातल्या चुका त्या प्रमाणात कमी होत नाहीत. पहाटवारांचा ‘पाय सरळ पडतायत’ हा पुरावा म्हणून बाद.

कडक_चहा · शुक्र, १०:४०

बाद तर बाद. पण मग माणसाने ओळखायचं कशावरून?

गुळवेल · शुक्र, १०:४४

ओळखायचंच नाही, मोजायचं. ओळखणारा अवयवच दारूत भिजलेला असतो.

ब्रेकपॅड · शुक्र, ११:२०

तिसऱ्या प्रश्नासाठी थोडं भौतिकशास्त्र.

ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. शुद्धीतला, सावध चालक धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद घेतो असं धरू. कोरडा रस्ता, चांगले टायर, पूर्ण ब्रेक. त्या एका सेकंदात १६.७ मीटर गेले, ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटर. गाडी ३६.५ मीटरवर उभी.

दुसऱ्या चालकाला अर्धा सेकंद जास्त लागला, एवढाच फरक. ब्रेक दाबायच्या आधीच २५ मीटर गेले. उरलेल्या ११.५ मीटरमध्ये गाडी थांबत नाही. पहिली गाडी जिथे शून्यावर आली, तिथून दुसरी ताशी ३९ ने पुढे जाते. मधे पादचारी असेल तर त्याला ३९ चा धक्का.

‘अर्धा सेकंदच ना’ म्हणणाऱ्यांचा गोंधळ इथे होतो. वेग ब्रेकच्या सुरुवातीला हळू उतरतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये धाडकन. ते शेवटचे मीटरच तुम्ही खर्च करून बसलेले असता.

निशिगंध · शुक्र, ११:२६

पावसात आणखी वाईट?

ब्रेकपॅड · शुक्र, ११:४१

गंमत आहे. ओल्या रस्त्यावर पकड कमी झाली की शुद्धीतल्यालाही थांबायला ५१ मीटर लागतात. दुसरा त्या जागी ताशी ३९ ऐवजी २९ ने पोचतो, कारण तोपर्यंत ब्रेक लावायला त्याला जास्त लांबी मिळालेली असते. कागदावर फरक कमी दिसतो. पण हे सरळ रेषेत ब्रेक मारला तर. ओल्यावर खरी भानगड दुसरी: उशिरा ब्रेक मारणारा घाबरून स्टिअरिंगही ओढतो, आणि टायरची जी काही पकड असते ती थांबण्यात आणि वळण्यात वाटली जाते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर निदान वळता येतं. नसेल तर चाकं अडकतात आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही.

खुसपट · शुक्र, ११:४५

म्हणजे पिऊन चालवायची तर पावसात चालवावी. नोंद केली. (ह. घ्या.)

फेसाळ · शनि, सकाळी ७:१०

मला वेगळं वाचल्याचं आठवतं. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सच्या प्रसिद्ध अभ्यासात अगदी थोडी घेतलेल्यांचे अपघात न घेतलेल्यांपेक्षा कमी निघाले होते. थोडी घेतलेला माणूस जपून चालवतो असा निष्कर्ष निघतो. यावर कोणी बोलत नाही.

सांख्यिक · शनि, ८:२५

बोलतात की, साठ वर्षं बोलतायत. हा रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांच्या गटाचा अभ्यास, १९६४ चा. (याच बोर्केन्स्टाइननी १९५४ मध्ये फुंकून मोजायचं यंत्र केलं.) आलेखात सुरुवातीला खरंच एक खळगा आहे. पण तो दारूचा गुण नाही, गटांची भेसळ आहे. शून्य प्रमाणाच्या गटात कोण होतं? नवशिकी पोरं आणि फार वयस्कर चालक बरेच. यांचे अपघात दारूविनाही जास्त होतात. थोड्या प्रमाणाच्या गटात मध्यमवयीन, अनुभवी, नियमित पिणारे जास्त. तेच आकडे ‘किती वेळा पिता’ यानुसार वेगळे करून पाहिले की प्रत्येक गटात धोका शून्यापासूनच चढतो आणि खळगा गायब होतो.

पुढे अमेरिकेतल्याच लाँग बीच आणि फोर्ट लॉडरडेलमध्ये वय वगैरेची दुरुस्ती करून केलेल्या अभ्यासात ५० मिलिग्रॅमला धोका सुमारे १.४ पट, ८० ला २.७ पट, १०० ला पावणेपाच पट आणि १५० ला वीस पटींच्या वर निघाला. रेषा सरळ नाही, ती वर वळत जाते. पहिल्या दोन पेगांपेक्षा पुढचे दोन कितीतरी महाग पडतात.

फेसाळ · शनि, ८:३१

मान्य. खळगा परत घेतला.

शून्यदुरुस्ती · शनि, ९:५०

दुसरा प्रश्न राहिला तो घेतो.

यंत्रांत दोन जाती. स्वस्तात मिळतं त्यात टिन ऑक्साइडचा अर्धवाहक सेन्सर असतो. त्याला अल्कोहोल आणि इतर वाफा यांतला फरक नीट कळत नाही. सिगारेटचा धूर, उपाशी माणसाच्या किंवा मधुमेह बिघडलेल्याच्या श्वासातलं ॲसिटोन, हवेतला दमटपणा, सगळ्याला तो थोडाफार प्रतिसाद देतो. काही महिन्यांत भरकटतोही. त्यावर ०.०० दिसलं म्हणून निघणं म्हणजे बंद घड्याळ बघून गाडी पकडायला जाणं.

दुसऱ्यात फ्युएल सेल. दोन प्लॅटिनम इलेक्ट्रोड, मधे आम्लात भिजलेला सच्छिद्र थर. इथेनॉल प्लॅटिनमवर जळून ॲसिटिक आम्ल होतं आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा प्रवाह मोजला जातो. ॲसिटोनला हा दाद देत नाही. पोलिसांच्या हातातली यंत्रं बहुतेक याच जातीची. यालाही ठरावीक मुदतीत कॅलिब्रेशन लागतं. ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून आकडा जुळवावा लागतो. विकत घेताना कॅलिब्रेशन कुठे होतं ते आधी विचारा, नंतर कोणी ओळख देत नाही.

वापरताना:
– शेवटचा घोट, माउथवॉश, ओकारी किंवा आंबट ढेकर यानंतर १५ मिनिटं थांबा. तोंडातली वाफ फुप्फुसातल्या हवेत मिसळली की आकडा भलताच वर जातो.
– एका दमात, यंत्राचा आवाज थांबेपर्यंत फुंका. मोजायची असते ती शेवटची, खोल हवा. अर्धवट फुंकर मारली तर आकडा कमी येतो आणि तुम्ही स्वतःलाच फसवता.
– गाडीत काचा लावून हात सॅनिटायझरने चोळले आणि लगेच फुंकलं, तर यंत्र सॅनिटायझर मोजेल.
– ताप असेल तर अंगाच्या दर एका अंशाला आकडा सुमारे साडेसहा टक्के वर जातो.

यंत्र श्वासावरून रक्ताचा अंदाज २१०० पटीचं गुणोत्तर धरून करतं. ब्रिटनमध्ये २३०० धरतात. तिथली १०० मिली श्वासात ३५ मायक्रोग्रॅमची मर्यादा म्हणजे रक्तातले ८०. खरं गुणोत्तर माणसागणिक बदलतं. म्हणून घरच्या यंत्रावर मर्यादेच्या जरा खाली आकडा दिसला तर तो ‘पास’ समजू नका. शून्य दिसलं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा शून्य दिसलं, तर ठीक.

खुसपट · शनि, १०:०२

आणि तोंडात नाणं ठेवून फुंकलं तर? मित्राच्या मित्राचा सिद्धांत आहे.

शून्यदुरुस्ती · शनि, १०:१५

नाणं, लसूण, पेपरमिंट, कोळसा: सगळं तोंडातलं. अल्कोहोल येतंय फुप्फुसातून. पेपरमिंटमुळे फक्त दारूचा वास आणि पेपरमिंटचा वास असे दोन वास येतात. भराभर श्वास घेतल्याने आकडा किंचित उतरतो, श्वास रोखल्याने वाढतो. दोन्ही समोरच्याला दिसतं.

निशिगंध · शनि, १०:३०

कॉफी, गार पाण्याची आंघोळ, लिंबू, धावून घाम काढणं, उलटी काढणं?

गुळवेल · शनि, १०:५५

एकेक. श्वास, लघवी आणि घाम मिळून जेमतेम २ ते १० टक्के अल्कोहोल जातं, बाकी सगळं यकृतात. तिथलं एन्झाइम थोड्याच अल्कोहोलने पूर्ण गुंतून जातं. त्यानंतर रक्तात ६० असो की १६०, वेग तोच. म्हणून धावून, पाणी पिऊन, लिंबू चोखून तो वेग हलत नाही. उलटीचा उपयोग पोटात अजून असलेल्या दारूपुरता, रक्तात गेलेली परत येत नाही. कॉफीने झोप जाते, चुका जात नाहीत. उलट झिंगलेला पण टक्क जागा माणूस जास्त बेधडक निघतो.

जेवणाबद्दल कोणी विचारायच्या आधी: भरल्या पोटी दारू लहान आतड्यात हळू उतरते, शिखर खाली राहतं आणि उशिरा येतं. शेवटच्या घोटानंतर शिखर यायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. ‘एक शेवटचा पटकन मारतो आणि निघतो’ यात निघताना माणूस बरा असतो आणि रस्त्यात मधेच त्याला चढते.

दुचाकीस्वार · शनि, दुपारी १२:२०

सगळं चारचाकीचंच चाललंय. दुचाकीला तोल लागतो, आणि सकाळचा खरा घोटाळा तिथेच आहे. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या नलिकांत क्युप्युला नावाचा जेलीसारखा पडदा असतो. त्याची घनता भोवतालच्या द्रवाएवढी असते, म्हणून मान नुसती कललेली ठेवली तर तो हलत नाही. दारू आधी पडद्यात शिरते. पडदा हलका होऊन तरंगतो आणि आडवं झाल्यावर खोली फिरते. मग द्रवातही दारू पोचते, दोन्ही सारखे होतात, बरं वाटतं. उतरताना पडद्यातून आधी निघते. आता पडदा जड, द्रव हलका, आणि भोवळ उलट दिशेने. हा दुसरा टप्पा पिणं थांबल्यावर काही तासांनी सुरू होतो आणि रक्तात शून्य झालं तरी रेंगाळू शकतो. म्हणजे यंत्रावर ०.०० असताना वळणावर गाडी झुकवली आणि मान फिरवून मागे पाहिलं, की कान खोटं सांगतो. सकाळी उशीवर कूस बदलताना गरगरत असेल तर दुचाकी काढू नये. ही चाचणी फुकट आहे.

गुळवेल · शनि, १२:३४

दुचाकीस्वार, फार नेमकं. पोलीस डोळ्यांसमोर पेन आडवं फिरवतात ते याच्याच शेजारचं. बुबुळ पेनामागे गुळगुळीत न जाता झटके देत जातं, आणि कडेला पोचायच्या आधीच, ४५ अंशांच्या आत, थरथरायला लागलं तर संशय पक्का होतो. ते झटके मनाच्या जोरावर थांबवता येत नाहीत.

रात्रपाळी · शनि, संध्या. ६:०५

अपघात झाल्यानंतरचं कोणी लिहिलं नाही. इमर्जन्सी विभागात दारूमुळे सगळ्यात मोठी अडचण होते ती निदानाची. डोक्याला मार लागलेला माणूस बरळतोय, झोपाळलाय, ओकतोय. हे दारूमुळे, की कवटीत रक्तस्राव वाढतोय म्हणून? लक्षणं तीच. ‘झिंगलाय, झोपू दे, सकाळी उठेल’ म्हणून सोडलेला रुग्ण तासाभरात हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून वास येत असला तरी डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅनची घाई करतात, आणि रक्तात २०० च्या खाली असून माणूस गाढ बेशुद्ध असेल तर दुसरं कारण आहे असं धरून चालतात. त्यात पोट भरलेलं. तातडीने भूल द्यावी लागली तर उलटी श्वासनलिकेत जायचा धोका.

रस्त्यावर मदत करणाऱ्यांसाठी: डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, कानानाकातून पाणी किंवा रक्त, पुन्हापुन्हा उलटी, हाक मारून नीट जाग न येणं, यातलं एक जरी दिसलं तरी दारूवर ढकलू नका. मान न वळवता अख्खं शरीर एकसंध कुशीवर करा, तोंड मोकळं ठेवा, आणि ‘हा प्यायलेला आहे’ ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नका. नातेवाईक लपवतात आणि वेळ जातो.

सीलबंद · शनि, रात्री ८:१५

रक्ताच्या नमुन्याचं जोडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, अल्कोहोल नसलेलं जंतुनाशक वापरायचं. नळीत सोडियम फ्लुओराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट लागतं. फ्लुओराइड नसेल तर जंतू नमुन्यातली साखर आंबवून आत अल्कोहोल तयार करू शकतात. नळी काठोकाठ भरायची, कारण वर हवा राहिली तर अल्कोहोल त्यात निघून जातं आणि आकडा खाली येतो. सील, वेळ, सही, मग चार अंशाला फ्रिज. प्रयोगशाळेत मोजणी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर.

आणखी एक: हॉस्पिटलची नेहमीची तपासणी बहुतेक वेळा सीरमवर, म्हणजे रक्त गोठून पेशी बाजूला झाल्यावर उरलेल्या द्रवावर होते. सीरममध्ये पाणी जास्त, म्हणून आकडा अख्ख्या रक्तापेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास जास्त येतो. कायद्याची मर्यादा अख्ख्या रक्ताची. हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून भांडणारे पुष्कळ भेटतात.

पहाटवारा · शनि, ८:४०

मर्यादा नक्की किती? इथे २० पासून ८० पर्यंत सगळं वाचलं.

सांख्यिक · शनि, ९:००

देशागणिक वेगळी. रक्तातल्या प्रमाणाची ठरावीक मर्यादा कायद्यात घालणारा पहिला देश नॉर्वे, १९३६, तेव्हा ५०. आता तिथे आणि स्वीडनमध्ये २०. भारत, जपान ३०. युरोपात बहुतेक ठिकाणी ५०. स्कॉटलंडने २०१४ मध्ये ८० वरून ५० केली, इंग्लंड ८० वरच आहे. अमेरिकेत ८०, फक्त यूटामध्ये ५०. हंगेरी, चेकियात शून्य. जपानने २००७ पासून प्यायलेल्याला गाडी देणारा, दारू पाजणारा आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसणारा यांनाही शिक्षा ठेवली आहे.

कलमदान · शनि, ९:२५

परिणामांत दंड आणि तुरुंग सगळ्यांना दिसतो, विमा दिसत नाही. बऱ्याच देशांत पद्धत अशी: चालक प्यायलेला निघाला तर स्वतःच्या गाडीचं नुकसान विमा कंपनी देत नाही. ज्याला धडक बसली त्याला देते, आणि मग तीच रक्कम चालकाकडून किंवा मालकाकडून वसूल करते. तुरुंग संपतो, ही वसुली वर्षानुवर्षं चालू राहते. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर तोही अडकतो. मित्राला किल्ली देताना हे लक्षात असू द्या.

‘गाडीत झोपतो’ हाही सुरक्षित उपाय नाही. काही देशांत किल्ली जवळ ठेवून चालकाच्या सीटवर असणं हाच गुन्हा. मागच्या सीटवर झोपा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून काचा लावून तर अजिबात झोपू नका. धूर आत आला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस उठत नाही.

कडक_चहा · शनि, ९:५०

यापेक्षा गाड्यांनाच यंत्र बसवा ना. फुंकल्याशिवाय सुरू होऊ नये.

शून्यदुरुस्ती · शनि, १०:१०

आहेत की. इंटरलॉक म्हणतात, काही देशांत दोषी ठरलेल्यांना सक्तीचं असतं. स्टार्टरच्या वायरिंगमध्ये बसतं, आत फ्युएल सेल. सुरू झाल्यावरही मधेमधे पुन्हा फुंकायला लावतं, नाहीतर कोणीही शुद्धीतला फुंकून देईल. चालत्या गाडीचं इंजिन मात्र ते बंद करत नाही, तो वेगळाच अपघात व्हायचा. हॉर्न-दिवे सुरू करतं आणि नोंद ठेवतं. फुग्यातली हवा सोडली तर तापमान, दाब आणि दमटपणावरून पकडतं. काहींत फुंकताना गुणगुणावं लागतं.

खुसपट · शनि, १०:१३

गुणगुणत फुंकायचं. बेसूर माणसांनी पायी जावं का?

पहाटवारा · रवि, सकाळी ९:०५

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्न उलटा विचारतो. सकाळी साडेसहाला निघायचंच आहे हे पक्कं, पिणं रात्री नऊला सुरू. मग किती ही वरची मर्यादा?

तराजू · रवि, ९:४०

असाच विचारायला हवा होता. साडेनऊ तास, वेग १० धरून: ९५ मिलिग्रॅम उतरतील. ७५ किलोच्या पुरुषासाठी ०.९५ × ५१ = ४८ ग्रॅम. म्हणजे दोन लार्ज पेग किंवा स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली, तिसरा पेग नाही. ५५ किलोच्या बाईसाठी ०.९५ × ३०.२५ = २८ ग्रॅम; एक लार्ज किंवा दोन लहान बिअर. वेळ साडेनऊऐवजी सात तास असेल तर आकडे त्याच प्रमाणात खाली. यकृताचा आजार असेल तर हे सूत्र वापरूच नका.

रात्रपाळी · रवि, ९:५२

यात औषधं धरा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेची गोळी, ओपिऑइड (अफूच्या जातीचं द्रव्य) असलेलं दुखणं थांबवणारं औषध: यांच्यासोबत थोडी दारूही बेरजेपेक्षा जास्त झोपवते, आणि फुंकायच्या यंत्रावर गोळी दिसत नाही. शिवाय रक्त शून्यावर आलं तरी हँगओव्हरमध्ये गाडी चालवण्याची कामगिरी घसरते हे तपासून झालंय. दारूची झोप उत्तररात्री तुटक होते. नुसत्या जागरणाचंच घ्या: सलग १७ तास जागं राहिलं तर कामगिरी ५० मिलिग्रॅमच्या दारूएवढी घसरते.

निशिगंध · रवि, १०:०५

आणि ही ४८ ग्रॅमची मर्यादा मोजून ओतणाऱ्यांसाठी. हाताने ओतलेला ‘लार्ज’ सहज ९० मिली असतो, म्हणजे ३० ग्रॅम. तसे दोन झाले की ६१, आणि तराजूंचा माणूस साडेसहाला पंचवीसवर.

तराजू · रवि, १०:११

बरोबर. ३०-६० चं मापटं वापरा, आणि ग्लास अर्धा असताना वर टॉप-अप घेऊ नका, मोजणी तिथेच सुटते.